काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचे नाते : आधी सूत्र की आधी क्षेत्रफळ?

अजनीची शिक्षिका (धागाकर्ती)

नमस्कार. नागपुरातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते आणि दर वर्षी वर्ग ज्या एका जागी अडतो, त्याविषयी येथे सविस्तर बोलावे असे वाटते. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ५ आणि १२ दिल्या की दहावीची मुले कर्ण १३ असल्याचे तोंडी सांगतात. पण मधल्या पायरीत जे १६९ लिहिले ते नेमके कशाचे माप आहे, असे विचारले की कोणी हात वर करत नाही. मुलांच्या लेखी वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणण्याची क्रिया असते. बाजूवर उभारलेला चौरस त्यांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. माझे म्हणणे असे आहे की पायथागोरसचे प्रमेय हे मुळात लांबींचे नसून क्षेत्रफळांचे विधान आहे, आणि ते तसे दाखवल्याशिवाय सूत्र फळ्यावर लिहूच नये.

वर्गात मी पुठ्ठ्याचे दोन सारखे त्रिकोण कापून घेते. काटकोन करणाऱ्या बाजू १५ आणि २० सेंमी, कर्ण २५ सेंमी. एक त्रिकोण तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा. हा लंब बरोबर १२ सेंमी येतो आणि कर्णाचे ९ व १६ सेंमी असे दोन भाग पडतात. लंबावरून कात्री चालवली की दोन लहान त्रिकोण हातात येतात, एक ९, १२, १५ चा आणि दुसरा १२, १६, २० चा. मुलांनी ते उलटून, फिरवून मोठ्या त्रिकोणावर कोनाला कोन जुळवून ठेवले की तिन्ही त्रिकोणांचा आकार एकच असून फक्त माप वेगळे आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही.

आता या दोन लहान त्रिकोणांचे कर्ण पाहावेत. ते आहेत १५ आणि २०, म्हणजे मोठ्या त्रिकोणाच्याच काटकोन करणाऱ्या बाजू. त्रिकोणांची क्षेत्रफळे ५४ आणि ९६ चौरस सेंमी, आणि मोठ्याचे १५०. पुठ्ठा एकच कापलेला असल्यामुळे ५४ आणि ९६ मिळून १५० होणारच, त्याला वेगळी सिद्धता नको. तिन्ही त्रिकोण एकाच आकाराचे असल्यामुळे प्रत्येकाचे क्षेत्रफळ हे त्याच्या स्वतःच्या कर्णावरील चौरसाचा ठरावीक हिस्सा असते. येथे तो हिस्सा ०.२४ आहे, कारण ५४ भागिले २२५, ९६ भागिले ४०० आणि १५० भागिले ६२५ ही तिन्ही उत्तरे ०.२४ येतात. तुकड्यांची बेरीज पूर्ण त्रिकोणाएवढी असेल, तर त्यांच्या कर्णांवरील चौरसांची बेरीजही पूर्ण त्रिकोणाच्या कर्णावरील चौरसाएवढी असलीच पाहिजे. २२५ अधिक ४०० बरोबर ६२५ हे अशा वाटेने आले, तर मुलाला ते आयुष्यभर पुन्हा पाठ करावे लागत नाही.

आपल्या दहावीच्या पुस्तकात समरूपतेचे, म्हणजे आकार एकच पण माप वेगळे असण्याचे, प्रकरण आधी आणि हे प्रमेय लगेच नंतर येते, आणि सिद्धताही समरूपतेवरूनच दिलेली आहे. हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. दुर्दैवाने शिकवण्यांमध्ये सिद्धता ‘चार गुणांचा प्रश्न’ म्हणून पाठ करून घेतली जाते आणि तिच्यातला हा साधा गाभा बाजूला राहतो. आपले अनुभव काय आहेत?

प्रतापनगरची आई

ताई, आपले लेखन मुलाला शेजारी बसवून वाचले. तो दहावीत आहे आणि प्रमेयावरची उदाहरणे भराभर सोडवतो, तरीही कधीकधी कर्णाच्या जागी दोन बाजूंची सरळ बेरीज लिहून मोकळा होतो. पुठ्ठ्याचा प्रयोग आम्ही जेवणाच्या टेबलावरच करून पाहिला आणि तो त्याला मनापासून पटला. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. लंब तर कोणत्याही त्रिकोणात टाकता येतो आणि तुकड्यांची बेरीजही पूर्ण त्रिकोणाएवढीच येते. मग हे नाते फक्त काटकोन त्रिकोणातच का टिकते?

अजनीची शिक्षिका

आपल्या मुलाने सिद्धतेच्या मर्मावर बोट ठेवले आहे, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. लंब कोणत्याही त्रिकोणात टाकला तरी तुकडे काटकोन त्रिकोणच होतात, हे खरे. मात्र मूळ त्रिकोणात काटकोन नसेल, तर ते तुकडे मूळ त्रिकोणाच्या आकाराचे होऊ शकत नाहीत. मूळ त्रिकोण काटकोनी असला की प्रत्येक तुकड्यात एक काटकोन आणि मूळ त्रिकोणाचा एक लघुकोन असे दोन कोन जुळतात, त्यामुळे तिसरा आपोआप जुळतो. काटकोन काढून घेतला की समरूपता जाते, समरूपता गेली की तो ‘ठरावीक हिस्सा’ एकच राहत नाही, आणि बेरीज जुळण्याचे कारणच उरत नाही.

त्याला आणखी एक गोष्ट करायला सांगा. ३० आणि ४० सेंमीच्या दोन पट्ट्या एका टोकाला स्क्रूने जोडून त्यांची मोकळी टोके हळूहळू उघडत न्यावीत आणि त्या टोकांमधले अंतर मोजत जावे. पट्ट्या एकमेकींवर मिटलेल्या असताना ते अंतर १० सेंमी असते आणि पूर्ण उघडल्यावर ७० सेंमी. म्हणजे तिसऱ्या बाजूवरचा चौरस १०० पासून ४९०० पर्यंत सलग वाढत जातो. पट्ट्यांमधला कोन ६० अंशांचा असताना तो १३०० असतो, १२० अंशांना ३७०० असतो, आणि वाटेत फक्त एकदाच, कोन बरोबर ९० अंशांचा असताना, तो २५०० होतो. दोन्ही पट्ट्यांवरच्या चौरसांची बेरीज मात्र सर्व वेळ २५०० च राहते. लघुकोन असेल तर समोरचा चौरस या बेरजेपेक्षा लहान आणि विशालकोन असेल तर मोठा. काटकोन ही त्या दोहोंमधली सीमा आहे. आपल्या मुलाची सरळ बेरीज म्हणजे ७० सेंमीची शेवटची स्थिती, जिथे त्रिकोण उरतच नाही. हे त्याने डोळ्यांनी पाहिले की कर्णाच्या जागी ७० लिहिताना त्याचा हात आपसूक थांबेल.

साइट अभियंता, मानेवाडा

धागा अतिशय आवडला. आमच्या कामात या प्रमेयाचा रोजचा संबंध येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घराच्या लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर पायाच्या रेषा आखण्याच्या, दिवशी खुंट्या ठोकून लाइनदोरी ताणतात आणि चुन्याची फक्की मारण्याआधी मिस्त्री कोपरा तपासतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे मिस्त्रीचे साधन, लहान असल्यामुळे दोरीच्या कोपऱ्यावर त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही, म्हणून एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करून दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरते का, ते टेपने पाहतात. भरले नाही तर एक खुंटी सरकवायची आणि पुन्हा मोजायचे.

इथे एक गोष्ट नवीन अभियंत्यांनाही सांगावी लागते. ३, ४, ५ ही पद्धत बरोबर आहे, पण ती ३ आणि ४ फुटांवरच करून थांबणे घातक आहे. समजा टेप वाचताना एका सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची चूक झाली. ५ फुटांच्या कर्णात एक सूत इकडेतिकडे झाले, तर कोनात साधारण पाव अंशाचा फरक पडतो. हा फरक कोपऱ्यावर कोणाला दिसत नाही, पण तीच दोरी ४० फूट पुढे गेल्यावर दुसऱ्या टोकाला सुमारे दोन इंच सरकलेली असते. तीच एका सुताची चूक ३०, ४०, ५० फुटांच्या त्रिकोणात झाली, तर ४० फुटांवरचा फरक पाव इंचाच्या आत राहतो. त्रिकोण दहापट मोठा घेतला की चुकीचा परिणाम दहापट कमी होतो, म्हणून जागेत मावेल तेवढा मोठा त्रिकोण घेऊनच काटकोन बांधावा. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर खुंट्या ढिल्या पडतात, तेव्हा फुटिंगचे, म्हणजे पायाचे, खोदकाम सुरू करण्यापूर्वी कर्ण पुन्हा एकदा मोजावा, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

जुन्या महाल आणि इतवारी भागात कवेलूच्या घरांची दुरुस्ती करतानाही हेच गणित लागते. घराची रुंदी १६ फूट असेल आणि आढे भिंतीच्या माथ्यापासून ६ फूट उंच असेल, तर अर्धी रुंदी ८ आणि उंची ६ यांवरून वासा १० फुटांचा लागतो. पुढे वळचणीसाठी सोडायची लांबी वेगळी धरायची.

अजनीची शिक्षिका

साहेब, आपल्या प्रतिसादात शिक्षकांच्या कामाची एक मोठी गोष्ट आहे. मिस्त्री जे वापरतो ते पायथागोरसचे प्रमेय नव्हे, तर त्याचा व्यत्यास आहे. प्रमेय सांगते की कोन काटकोन असेल तर चौरसांचे नाते जुळते. मिस्त्रीला मात्र उलट हवे असते, म्हणजे नाते जुळले आहे, तेव्हा कोन काटकोनच आहे, याची खात्री. विधान खरे असले म्हणून त्याचा व्यत्यास खरा असतोच असे नाही, त्यामुळे तो वेगळा सिद्ध करावा लागतो. ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ४७ वे विधान प्रमेयाचे आणि ४८ वे व्यत्यासाचे आहे.

व्यत्यासाची सिद्धता अगदी छोटी आहे. आपल्या त्रिकोणाच्या बाजू ३, ४, ५ आहेत, पण कोन माहीत नाही असे समजा. शेजारी दुसरा त्रिकोण असा काढा की ज्याच्या ३ आणि ४ या बाजूंमध्ये मुद्दाम काटकोन ठेवला आहे. प्रमेयानुसार त्याचा कर्ण ५ येणार. दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या, म्हणून ते एकरूप, आणि म्हणून पहिल्या त्रिकोणातही काटकोनच असला पाहिजे. परीक्षेत मुले प्रमेय आणि व्यत्यास यांची सरमिसळ करतात, ती थांबवायला लाइनआउटचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडेल असे वाटते.

महालकर

मी संस्कृतचा वाचक आहे, गणिताचा नव्हे. तरीही ताईंच्या मूळ मुद्द्याला जुना आधार आहे, म्हणून लिहितो. बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदींच्या रचनेच्या संदर्भात हे नाते सांगितले आहे, आणि त्याची मांडणी लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. आयताच्या लांबीची आणि रुंदीची दोरी स्वतंत्रपणे जी दोन क्षेत्रे निर्माण करते, ती दोन्ही मिळून कर्णाची दोरी एकटी निर्माण करते, असा त्याचा आशय आहे. दोरी ‘क्षेत्र करते’, ही भाषा पूर्णपणे क्षेत्रफळाची आहे आणि त्रिकोणाऐवजी आयताचा कर्ण घेतला आहे. पुढे ३ व ४, ५ व १२, ८ व १५, ७ व २४, १२ व ३५ अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत.

त्याच ग्रंथात चौरसाच्या कर्णाचे माप काढण्याची रीत आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केला तर ४०८ भाग बाजू असलेल्या चौरसाचा कर्ण ५७७ भाग येतो. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. म्हणजे सव्वातीन लाखांवर फक्त एकाचा फरक. दोरीने मोजणाऱ्यांनी गाठलेली ही अचूकता पाहून मन भरून येते.

हे नाते प्रथम कोणाला समजले, यावर वाद घालून धागा भरकटवू नये असे मला वाटते. बॅबिलोनच्या प्लिम्प्टन ३२२ या मातीच्या पाटीवर ३, ४, ५ सारख्या त्रिकुटांशी संबंधित संख्या सुमारे ३,८०० वर्षांपूर्वी कोरलेल्या आहेत. अनेक लोकांनी हे स्वतंत्रपणे जाणले होते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात याची उपपत्ती, म्हणजे सिद्धता, ज्या त्रिकोणावर दिली आहे, त्याच्या बाजू १५ आणि २० च आहेत, हे ताईंचा पुठ्ठा पाहून चटकन आठवले.

अजनीची शिक्षिका

महालकर काका, मनापासून आभार. भास्कराचार्यांची ती उपपत्ती वर्गात करायला फार सुंदर आहे. १५, २०, २५ चे चार त्रिकोण अशा रीतीने मांडायचे की चौघांचे कर्ण बाहेरच्या चौरसाच्या बाजू होतील. मध्ये ५ बाजूचा लहानसा चौरस रिकामा राहतो. चार त्रिकोणांचे ६०० आणि मधल्या चौरसाचे २५ मिळून ६२५. त्यांच्याच ‘लीलावती’ या ग्रंथात ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचा शेंडा मुळापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो आणि तो कितव्या हातावर मोडला हे विचारलेले आहे. उत्तर १२ हात, उरलेला भाग २० हात. हा १२, १६, २० चा त्रिकोण म्हणजे माझ्या पुठ्ठ्यातला मोठा तुकडाच आहे, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात.

अकरावी विज्ञान

बाजूंवर चौरसांऐवजी अर्धवर्तुळे काढली तर हे नाते टिकते का? आमच्या वर्गात यावर एकमत झाले नाही.

अजनीची शिक्षिका

टिकते. ६, ८, १० च्या त्रिकोणावर करून पाहा. अर्धवर्तुळांच्या त्रिज्या ३, ४ आणि ५ येतात आणि क्षेत्रफळे पायच्या (π) ४.५, ८ आणि १२.५ पट. आकार कोणताही चालतो, मात्र तिन्ही आकृत्या समरूप हव्यात आणि त्या त्या बाजूशी त्यांचे नाते सारखे हवे. माझ्या पुठ्ठ्यात तर चौरसांच्या जागी खुद्द त्रिकोणच होते.

निवृत्त भूमापक

एक मर्यादाही नोंदवून ठेवतो. हे नाते सपाट पृष्ठावरचे आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे येत असताना आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले. त्यांच्या सर्वेक्षणातल्या त्रिकोणांच्या बाजू अनेक मैलांच्या होत्या आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे अशा त्रिकोणांच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते, त्यामुळे तिथे दुरुस्ती करावी लागत असे. टोकाचे उदाहरण म्हणजे उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरील ९० अंश रेखांशांच्या अंतरावरचे दोन बिंदू यांचा त्रिकोण. त्याचे तिन्ही कोन काटकोन आणि तिन्ही बाजू सारख्या, तेव्हा दोन चौरसांची बेरीज तिसऱ्याएवढी होण्याचा प्रश्नच येत नाही. घराच्या प्लॉटपुरती मात्र ही काळजी करण्याचे कारण नाही.

बेसा प्लॉटधारक

मंडळी, माझा प्रश्न प्रत्यक्षातला आहे. लेआउटच्या नकाशावर माझा प्लॉट ३० बाय ४० फुटांचा आयत दाखवला आहे. मी चारही बाजू मोजल्या, त्या ३०, ४०, ३०, ४० बरोबर भरतात. एक कर्ण मात्र ४९ फूटच भरतो. विकणाऱ्यांचे म्हणणे असे की बाजू बरोबर आहेत, तेव्हा क्षेत्रफळही १,२०० चौरस फूटच आहे. दुसऱ्या कर्णाच्या रेषेत पत्र्याची शेड आहे, त्यामुळे तो मोजता येत नाही. नेमके काय समजावे?

साइट अभियंता, मानेवाडा

भाऊ, समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, म्हणून आपला प्लॉट समांतरभुज चौकोन आहे, पण आयत नाही. आयत असता तर कर्ण बरोबर ५० फूट भरला असता. ज्या कोपऱ्यासमोर हा ४९ फुटांचा कर्ण आहे, तो कोन सुमारे ८७.६ अंशांचा येतो. शेड हलवता आली तर दुसरा कर्ण जरूर मोजा. तो ५० पेक्षा जास्त भरला पाहिजे. किती जास्त, ते ताईंनी सांगावे.

अजनीची शिक्षिका

३० फुटांची मागची बाजू आयताच्या जागेपासून किती सरकली आहे, ते आधी काढू. ती आडवी सरकलेली लांबी आणि प्लॉटची खरी खोली या काटकोन करणाऱ्या बाजू, तर ४० फुटांची बाजू त्यांचा कर्ण. म्हणून त्या दोहोंच्या वर्गांची बेरीज १,६००. लहान कर्णासाठी ३० मधून सरक वजा होते आणि मोठ्या कर्णासाठी ती ३० मध्ये मिळवली जाते, खोली दोन्हीकडे तीच. दोन्ही वर्ग उलगडून मांडले की सरकेचे वजा आणि अधिक पद एकमेकांना रद्द करतात आणि दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज चार बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढी, म्हणजे ५,००० उरते. ४९ चा वर्ग २,४०१. बाकी २,५९९, त्याचे वर्गमूळ ५०.९८. म्हणजे दुसरा कर्ण साधारण ५० फूट ११ इंच ६ सूत भरायला हवा. तो तेवढा भरला नाही, तर चार बाजू आणि पहिला कर्ण यांपैकी एखाद्या मोजमापात चूक आहे असे समजून पुन्हा टेप लावावा.

सरक किती, तेही यातूनच मिळते. २,५०० मधून २,४०१ वजा जाता ९९ उरतात आणि त्यांना ६० ने भागले की १.६५ फूट, म्हणजे जवळजवळ वीस इंच. यावरून खोली ३९.९७ फूट येते, म्हणजे ४० पेक्षा अर्धा इंचही कमी नाही, आणि क्षेत्रफळ सुमारे १,१९९ चौरस फूट. क्षेत्रफळाविषयी विकणाऱ्यांचे म्हणणे जवळपास बरोबर आहे. परंतु रस्त्याच्या बाजूला काटकोनात पूर्ण खोलीचा आयत बसवायचा झाला, तर त्याची रुंदी २८.३५ फूटच मिळेल. ३० फूट रुंदी धरून काढलेला घराचा नकाशा या जागेवर तसाच उतरवता येणार नाही. तो अभियंत्याकडून प्रत्यक्ष कोनानुसार दुरुस्त करून घ्यावा आणि बाजूची मोकळी जागा त्या तिरप्या हद्दीपासूनच मोजावी.